वांग्यांच्या आळ्यातले गोटे

माझ्या माहेरी, वर्ध्याकडच्या काळ्या रानात, शेतातल्या गोट्याला कोणी बसू देत नसे. वडील औतामागे चालत आणि गोटा दिसला की वाकून उचलत, धुऱ्यावर म्हणजे बांधावर फेकत. "गोटा काय पीक खाते?" असं आई विचारायची. ते म्हणायचे, "खात नाई, पन जागा अडवते ना." अशा बापाच्या लेकीनं पुढे टोपलं भरभरून गोटे स्वतःच्या डोक्यावर वाहिले आणि वांग्यांच्या आळ्यात मांडले. वडील असते तर म्हणाले असते, पोरगी जंगलात जाऊन बिघडली. बिघडले नव्हते, पण शहाणी होते असंही छातीठोकपणे सांगता येत नाही.

मी सातवी शिकलेली, म्हणून लिहायला बसलं की भाषा आपोआप पुस्तकी होते. बोलताना मी अजून मले-तुलेच करते, आणि आमच्याकडे बाईही 'मी करतो' म्हणते. तेव्हा लिहिण्यात थोडी खिचडी होईल, ती चालवून घ्यावी. गोष्टच अशी आहे की सांगताना माझं डोकं आजही भंजाळतं.

पन्नास सालानंतरची गोष्ट. जिल्ह्याला तेव्हा चांदा म्हणत. हे जंगलखात्यात नाकेदार होते आणि त्यांची बदली पार आत, गोंडांच्या एका गावी झाली. गावाच्या टोकाला नाक्याचं लाकडी फाटक, फाटकाला लागून आमचं सरकारी घर, मागे काट्याचं कुंपण घातलेली सांदवाडी, म्हणजे परसबाग. बाजार सात कोसांवर, आठवड्यातून एकदा. तिथेही उन्हाळ्यात कांदे, वाळकी मासळी आणि मिरची, बस. हिरवं पान डोळ्यांना जंगलात दिसायचं, ताटात नाही.

मला दिवस गेले होते. आणि हीच सगळी अडचण होती. पहिल्या खेपेला मी सासरी होते आणि सहाव्या महिन्यात पोट पडलं. सासूबाई मला वाईट बोलल्या नाहीत, पण घरात आलेल्या प्रत्येक बाईला त्या ते सांगत, आणि ती बाई माझ्याकडे पाही. आई माझी लग्नाआधीच वारली होती, म्हणजे माहेर असं उरलंच नव्हतं. या खेपेला तालुक्याच्या दवाखान्यात कंपाउंडरनं डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि म्हणाला, अंगात रक्त नाही, भाजीपाला खा, नाहीतर याही वेळी कठीण आहे. यांनी तिथल्या तिथं ठरवून टाकलं. "इथी जंगलात भाजी कुठून आणू? तुले गावाले सोडून देतो."

मी म्हटलं, "भाजी मी पिकवतो. पिकली नाई तर सोडा."

झालं, एवढाच करार. वाडी पिकली तर मी इथं, नाही पिकली तर सासरी, त्या घरात, त्या पाहणाऱ्या बायांत. तिथं गेले तर हेही पोट राहणार नाही, असं माझ्या मनानं पक्कं धरलं होतं. का धरलं होतं ते विचारू नका. बाईचं मन एकदा धरून बसलं की त्याला वकील लागत नाही.

माघातच मी अकरा वांगी, थोडी मिरची, भेदरं म्हणजे टमाटे, आणि एका कोपऱ्यात लालभाजी लावली होती. फाल्गुन सरेपर्यंत ठीक चाललं. मग ऊन वाढलं. गावाची विहीर आटली आणि सगळं गाव नाल्यातल्या झिऱ्यावर आलं. झिरा म्हणजे वाळूत खणलेला खड्डा. त्यात पाणी झिरपतं तेव्हा वाटीवाटीनं काढायचं आणि गुंड, म्हणजे पितळी घागर, भरायचा. आमच्याकडे पाणी आणायला गावातली एक बाई यायची. पन्नाशीची असेल, काळी, काटक, कपाळावर आणि हातांवर गोंदण, बोलणं जवळजवळ नाहीच. ती दोन गुंड आणून ओट्यावर ठेवी, 'येर' एवढाच एक शब्द म्हणे आणि जाई. येर म्हणजे त्यांच्या भाषेत पाणी. दोन गुंडांत स्वयंपाक, आंघोळ, भांडी आणि वर वाडी. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. चैत्र लागला तशी वांग्यांची पानं दुपारी माना टाकून बसायला लागली.

पण एक झाड ताठ होतं. त्याच्या शेजारी मी धुण्याचा एक चपटा गोटा पालथा टाकून ठेवला होता. मला वाटलं, सांडपाणी जात असेल. पण धुणं मी नाल्यावर धूत होते, तिथं सांडपाणी येणार कुठून? काठीनं गोटा उचकटून पाहिला. खालची माती काळी, ओली, हाताला गार लागणारी. वीतभर पलीकडे तीच माती पापडासारखी तडकलेली. मी पुन्हा गोटा ठेवला, पुन्हा उचलला. वडिलांनी जन्मभर जे धुऱ्यावर फेकलं त्याच्याच खाली ओल बसली होती. मला हसू यावं की रडू, काही कळेना.

यांना सांगितलं तर म्हणाले, "गोटे तापतात. मुळं भाजून निघतील."

"वरून तापते, खालून नाई तापत. हात लावून पाहा."

यांनी हात लावला नाही. वणवा अडवायला आगरेषा काढायची कामं सुरू होती, हे चार-चार दिवस जंगलात असत. घरी आले की जेवून झोपत. मी म्हटलं, जाऊ द्या, आपणच करू.

आता गोटे हवेत चपटे, तळहाताएवढे. गाव धानाच्या बांध्यांत वसलेलं, तिथं ढेकळं मिळतील, गोटे नाहीत. नाल्यातले वाटोळे, ते बसत नाहीत, घरंगळतात. पण नाक्यापासून हाकेच्या अंतरावर, बैलबंडीची वाट जिथं वळते तिथं, मोहाच्या झाडाखाली गोट्यांचा मोठा ढीग होता. कमरेएवढा. सगळे हातात मावतील असे, बरेचसे चपटे. मी पाहिलं आणि मला वाटलं, ही रस्त्याची गिट्टी. आमच्याकडे सडकेच्या कडेनं असेच ढीग घातलेले असत. म्हणजे हे सरकारी गोटे, आणि आपण सरकारी माणसं. घ्यायला कोणाच्या बापाची भीती?

आता लिहिताना स्वतःच्या तोंडात मारावीशी वाटते. गिट्टीचा ढीग चौकोनी असतो, फोडलेल्या दगडांचा असतो. हा गोल होता, गोटे जुने, काहींवर शेवाळ वाळलेलं, आणि मधेमधे सुकलेल्या डहाळ्या खोवलेल्या. डहाळ्या मी पाहिल्या होत्या. बाजूला करूनच तर गोटे काढले. पण माणसाला जे हवं असतं तेच दिसतं.

आठ-दहा दिवस मी रोज तिसऱ्या प्रहरी टोपलं घेऊन जायची. थोडे थोडेच आणायची, पोटाला जपून. प्रत्येक झाडाच्या बुंध्यापासून चार बोटं जागा सोडायची, मग गोटे एकाला एक भिडवून मांडायचे, फटीत बारके बसवायचे. पाणी झाडावर नाही, फटीत ओतायचं, हळू, लोट्यानं. विंचू निघायचे, ते काठीनं मारायचे. वाटेनं जाणारे लोक थांबत आणि पाहत. एकदा एक माणूस खांद्यावर कुऱ्हाड घेऊन येत होता. मला ढिगापाशी वाकलेली पाहून त्यानं कुऱ्हाड खाली ठेवली आणि मी टोपलं भरून निघेपर्यंत तसाच उभा राहिला. मी म्हटलं, "काय पाहून राह्यले भाऊ?" तो काही बोलला नाही. मला वाटलं, बिचारा बुजरा आहे, सरकारी बाईशी कसं बोलावं म्हणून मूग गिळून उभा आहे.

आणि वाडी फिरली, खोटं कशाला बोलू. पंधरा दिवसांत वांगी तरारली. आधी रोज पाणी घालून माना टाकणारी झाडं आता दिवसाआड घातलं तरी ताठ. फुलं लागली, जांभळी. मी दारात उभी राहून त्यांच्याकडे पाही आणि पोटावर हात ठेवून सांगी, राहतो आपण इथंच.

त्यानंतर काय झालं, ते मला तेव्हा अजिबात कळलं नाही.

पहिली गोष्ट म्हणजे पाणी. पाण्याची बाई एके दिवशी दोनाच्या जागी चार गुंड घेऊन आली. म्हणजे दोन खेपा. मी म्हटलं, "बाई, मी सांगितलं नव्हतं." तिनं गुंड ओट्यावर ठेवले नाहीत. ती सरळ वाडीत गेली, ते जास्तीचे दोन आळ्याशी टेकवले, माझ्याकडे पाहिलं आणि गेली. दुसऱ्या दिवशी तेच. झिऱ्यावर एक गुंड भरायला अर्धा तास लागे, आणि ही बाई न सांगता दोन जास्तीचे आणत होती. मी गूळ दिला तर घेतला नाही. ज्वारीचं पीठ दिलं, तेही नाही. मी पाणी घालायला लागले की ती कुंपणाशी उभी राहून पाहायची. डोळे मिटल्यासारखे करायची. मला आधी बरं वाटलं, मग अवघडल्यासारखं झालं, मग रागच आला. कोणी आपल्यावर एवढे उपकार करावेत आणि का ते सांगू नये, हे काय?

दुसरी गोष्ट गोट्यांची. एका सकाळी मला वाटलं, तिसऱ्या झाडापाशी गोटे जास्त दिसतात. म्हटलं, आपलाच भास. पण दुसऱ्या सकाळी कुंपणालगतच्या झाडापाशी एक लालसर गोटा होता. तसा लाल गोटा मी आणलाच नव्हता. मी तो उचलून बाहेर टाकला. संध्याकाळी तो परत जागेवर. मग रोजच. कधी एक, कधी तीन. एकदा गोट्याच्या फटीत पळसाची हिरवी डहाळी खोवलेली. बाया पहाटे मोहफुलं वेचायला आमच्या कुंपणावरून जात, त्यांना विचारलं, "इथी गोटे कोन टाकून राह्यलं?" त्यांनी एकमेकींकडे पाहिलं आणि पदर तोंडाशी धरून चालू लागल्या. हसल्या नाहीत, घाबरल्याही नाहीत. जणू मी विचारलं, सूर्य रोज कोण वर आणतं.

आमच्या माहेरच्या गावात एका घरावर असे गोटे पडायचे. लोक भानामती म्हणायचे. त्या घरच्या सुनेला शेवटी तिच्या माहेरी नेऊन सोडलं, आणि गोटे थांबले की नाही ते कोणी पाहिलंसुद्धा नाही. मला तीच आठवायला लागली. दिवसा मी स्वतःला समजवायची की गोटा पडत नाही, कोणी तरी ठेवतं. पडला असता तर वांग्याचं पान फाटलं असतं. किती जपून ठेवलेला असायचा तो, पानाला धक्का नाही, फुलाला धक्का नाही. पण मग हे जपून ठेवणारं कोण? वैरी असेल तर जपेल कशाला, आणि आपलं असेल तर लपेल कशाला? ना शेंडा ना बुडखा. मी जेवेनाशी झाले. जी भाजी खायला एवढा खटाटोप केला ती लालभाजी ताटात आली की घशाखाली उतरेना.

पाचवा महिना सरत आला होता. हे जंगलातून आले आणि मला पाहून म्हणाले, "तोंड एवढंसं झालं तुझं." मी सगळं सांगितलं. नको होतं सांगायला. हे उठून वाडीत गेले, गोटे पाहिले, डहाळी पाहिली आणि आत येऊन म्हणाले, "बस झालं. या बाजारच्या दिवशी बंडी सांगतो. गावाले जा."

"वाडी पिकली आहे. करार काय होता आपला?"

"वाडी पिकली, पन तू वाळून राह्यली त्याचं काय?"

गंमत पाहा, मला इथं ठेवायला म्हणून मी ते गोटे आणले आणि त्यांनीच मला घालवायचं ठरवलं.

बाजारच्या आदल्या दिवशी दुपारी मी ट्रंक भरत होते. हातात काही धड येत नव्हतं. लुगडं घडी करायची, उलगडायची. खिडकीतून सहज पाहिलं तर कुंपणाच्या फटीतून एक म्हातारा आत आला. गावचाच होता, मी त्याला नाक्यावर पाहिलेलं होतं. त्यानं धोतराच्या ओच्यातून एक गोटा काढला, खाली बसला, वांग्याची एक फांदी दोन बोटांनी वर उचलली, गोटा आत सरकवला आणि फांदी परत सोडली. मग हात जोडले. मी धावतच बाहेर गेले. इतक्या दिवसांचा सगळा राग एकदम तोंडात आला.

"काऊन टाकता जी गोटे माझ्या वाडीत? काय बिघडवलं मी तुमचं? मले घालवाचं हाये का इथून?"

म्हातारा दचकला. उठून मागे सरला. मग माझ्याकडे असं पाहिलं की वेड मला लागलंय की त्याला, हे त्यालाच कळत नसावं.

"मंग कुठी टाकू बाई?" तो म्हणाला. "तो इथी आला ना."

"कोन आला?"

मग त्यानं सांगितलं. तुटक तुटक, अर्धं त्यांच्या बोलीत. वळणावर मोहाखाली एका माणसाला वाघानं नेलं होतं. बरीच वर्षं झाली. वाघानं नेलेल्या माणसाच्या जागी वाटसरूनं एक गोटा टाकायचा, नाहीतर एक डहाळी, आणि पुढे जायचं. तसं करत करत तो ढीग झाला. गोटा टाकला नाही तर तो माणूस एकटा पडतो, आणि एकटा पडलेला वाटेवर येऊन उभा राहतो. आता गोटे नाक्यावर आले, म्हणजे तोही नाक्यावर आला. मग लोक गोटा वळणावर टाकून काय करतील? म्हणून इथं आणून ठेवत होते. वांग्याला लागू नये म्हणून जपत होते, कारण वांगी बाईची, आणि बाई पोटुशी.

मी तिथंच आळ्याशेजारी बसले. मग उठले, कारण बसले होते ते गोट्यांवरच.

"त्याचं घरचं कोनी हाये?" मी विचारलं.

म्हाताऱ्यानं हनुवटीनं झिऱ्याकडची वाट दाखवली. "तुमाले पानी देते ना, तेच."

संध्याकाळी हे आले तेव्हा मी सगळं सांगितलं. रोज ती बाई माझ्या कुंपणाशी उभी होती. मी तिच्या डोळ्यांसमोर तिच्या नवऱ्याचे गोटे मांडत होते, बाजूला सारत होते, त्यातला एक तर मी उचलून बाहेर फेकला होता. आणि ती मला पाणी आणून देत होती. मी म्हटलं, तिच्यासमोर मी तोंड कसं दाखवू? हे म्हणाले, "मंग तर तू जाच. इथलं मी पाहतो." मला वाटलं, खरंच, आता राहायचं तरी कुठल्या तोंडानं? आयुष्यात पहिल्यांदा मला स्वतःलाच जावंसं वाटलं, आणि त्याच क्षणी पोटातलं हललं.

सकाळी बंडी दाराशी आली. बंडीवाल्यानं ट्रंक चढवली. हे खाकी कपडे घालून, हातात टोपी घेऊन उभे. आणि ती बाई आली, डोक्यावर गुंडावर गुंड घेऊन. बंडी पाहून थांबली.

"कुठी जाऊन राह्यल्या?"

"गावाले," मी म्हटलं, आणि मग मला आवरेना. "बाई, मले माहीत नव्हतं. मले वाटलं ते रस्त्याची गिट्टी हाये. तुमी मले सांगितलं काऊन नाई? एक शब्द तर बोलाचं."

तिनं गुंड उतरवले. "मले वाटलं हुकूम आला," ती म्हणाली.

"कसला हुकूम?" हे म्हणाले.

ती यांच्याशी कधी बोलत नसे, आताही बोलली नाही. मलाच सांगत होती. "बांबू बंद झाला तवा हुकूम आला. ढोरं चाराले बंद झाली तवा हुकूम आला. मोहाच्या झाडाले नंबर टाकले. मंग याचाबी आला असन म्हनलं. नाक्यात ठेवाचा असन. सरकार काई आमाले इचारून हलवते?"

यात राग असता तर मला सोसलं असतं. राग नव्हता. बाजारात मीठ महाग झालं म्हणून सांगावं तसं ती सांगत होती. हे टोपी हातात फिरवत राहिले. रोज नाक्यावर काठी आपटून लोकांना हुकूम ऐकवणारा माणूस तो.

मी रडत होते. म्हटलं, "मंग पानी काऊन आनत होत्या? जास्तीचं?"

ती वाडीकडे पाहत होती.

"तो उनाळ्यात गेला," ती म्हणाली. "झिऱ्यावर जात होता. मडकं कोरडं सापडलं, तो नाई सापडला. तानेला गेला. लोक गोटा टाकते, डहाळी टाकते, निंगून जाते. वाटेवर त्याले पानी कोन पाजन? आन तुमी रोज पाजून राह्यल्या होत्या. लोट्यानं, हळू हळू. मी म्हनलं, कमी नको पडाले."

बंडीवाल्यानं चिलीम विझवली.

"आमी आजच सगळे गोटे परत ठेवून देतो, बाई," हे शेवटी म्हणाले. आवाज त्यांचा नव्हताच.

"ते तुमी पाहा," ती म्हणाली. "पन पानी पडेपर्यंत असू द्या. आता उचलले तर झाडाचं मूळ उघडं पडन." मग माझ्याकडे वळून, "बाईले नका धाडू. गेली तर त्याले कोन पाजन? माह्या हातचं तर तो जितेपनीबी कटकट करून पेत होता."

हे तिच्याकडे पाहत राहिले. मग बंडीपाशी गेले, बंडीवाल्याला काही न सांगता स्वतःच ट्रंक उतरवली आणि ओट्यावर आणून ठेवली.

पाऊस लागल्यावर यांनी गोटे वळणावर नेऊन ठेवले, खाकी कपड्यांत, स्वतःच्या डोक्यावर टोपलं घेऊन. गाव उभं राहून पाहत होतं. पण ते पुढचं. त्याआधी वैशाखात वांगी तोडायला आली. पहिलं वांगं मला हात लावून तोडवेना. रोज पाणी घालायची, पाणी घालताना मनातल्या मनात त्या माणसाची माफी मागायची, आणि वांगी तशीच झाडावर वाढत होती. ही चूक होती, पाप होतं, की पुण्य, मला सांगता येत नव्हतं आणि आजही येत नाही. माझ्या मुळांना ओल मिळावी म्हणून मी कोणाचं तरी मरण उचलून आणलं होतं. ते खायचं कसं?

एके सकाळी तिनंच चार वांगी तोडली, चुलीच्या निखाऱ्यावर भाजली, मीठ-मिरची घालून ठेचली आणि भाकरीवर ठेवून माझ्या हातात दिली. मी म्हटलं, "बाई, मले नाई खावत."

"काऊन?" ती म्हणाली. "जिता होता तवा आमच्या दारचं कोनी उपाशी गेलं नाई. आता पोटुशीले उपाशी ठेवन काय तो?"

ती समोर उकिडवी बसून राहिली. पहिला घास घशाखाली उतरेपर्यंत उठली नाही. मी खाल्लं, रडत रडत, सगळं खाल्लं. भादव्यात, पुरे दिवस भरून, मला मुलगी झाली. तिची नाळ त्या बाईनंच कापली.